डोळा आणि धानाची लोंबी

दुर्गेश्वरीने तो बिल्ला एवढा मोठा काढला होता की दोन चार्टपेपर एकमेकांना चिकटवावे लागले. मधोमध टक्क उघडा डोळा, डोळ्याखाली वाकलेली धानाची लोंबी आणि भोवती हिरवं गोल. लोंबीचा एकेक दाणा तिने पिवळ्या रंगाने वेगळा रंगवला होता. बुबुळातला पांढरा ठिपका तर असा काही जमून गेला होता की वर्गात कुठेही उभं राहा, डोळा आपल्याचकडे बघणार.

"दुर्गी, याच्यासमोर डबा नाई खाता येत व," तिची मैत्रीण टीना म्हणाली. "घास मोजून राहिला असं वाटते."

चार्टवर लाल अक्षरांत मथळा होता: 'एका गुप्तवार्ता तुकडीचा इतिहास आणि चिन्ह'. चिन्ह तर झक्क झालं होतं. इतिहासाच्या जागी मात्र नुसत्या पेन्सिलच्या रेघा होत्या, अकरा रेघा, आणि अकराच्या अकरा रिकाम्या.

उद्या सव्वीस जानेवारी. पिंपरटोल्याच्या शाळेत दरवर्षी झेंडा, भाषणं आणि बुंदी एवढंच असायचं. यंदा कैलाश सरांनी प्रदर्शन ठेवलं होतं, 'आपल्या गावाचा इतिहास'. कोणी जुन्या विहिरीचा चार्ट केला, कोणी दरेकशाच्या रेल्वे स्टेशनचा, कोणी कचारगडच्या गुहांचा. दुर्गेश्वरीने आपल्या आबाजीचा विषय घेतला. आबाजी म्हणजे बिसराम पटले, पंच्याहत्तर वर्षांचे, मिलिटरीतून निवृत्त झालेले, आणि गावातले एकमेव निवृत्त फौजी असे की ज्यांनी फौजेबद्दल आजवर एक अक्षर काढलं नव्हतं.

खरं तर दहावीत येईपर्यंत दुर्गेश्वरीही वर्गात एक अक्षर काढत नसे. पण दिवाळीआधी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला, आणि तेव्हापासून तिचं तोंड जे उघडलं ते मिटायलाच तयार नव्हतं. 'आबाजी, तुमचा बिल्ला द्या, प्रदर्शनात लावते,' असं ती बिनधास्त म्हणाली. आबाजींनी पत्र्याची पेटी उघडली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, पुरीएवढा कापडी बिल्ला काढला आणि तिच्या हातावर ठेवला.

"चित्र काढ," ते म्हणाले. "इचारू मात्र काही नको."

पेटीत त्यांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतल्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तकही होतं. त्यात एका रकान्यात 'फील्ड इंट. सेक्शन' असं टाइप केलेलं होतं. कैलाश सरांनी भिंगातून बघून सांगितलं की 'इंट.' म्हणजे इंटेलिजन्स, गुप्तवार्ता. दुर्गेश्वरी त्या दिवशी शाळेतून घरी सायकलवर नाही, हवेत तरंगत गेली होती.

आणि आज, प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी, केशोराव आले.

केशोराव शाळा समितीचे अध्यक्ष. गावात कोणाचंही लग्न असो की भांडण, त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत. आबाजींचे ते लहानपणचे सोबती, म्हणून थट्टा करायचा हक्क त्यांनी साठ वर्षं गाजवला होता. त्यांनी चार्टसमोर उभं राहून चष्मा वर सरकवला, खाली सरकवला आणि फस्सकन हसले.

"गुप्तवार्ता? अवो सर, बिसराम कोठीवर होता कोठीवर! धान मोजाच्या. ही लोंबी दिसून नाई राहिली का तुमाले? बंदूकवाल्याच्या बिल्ल्यावर तलवार राह्यते, वाघ राह्यते. लोंबी कोनाच्या बिल्ल्यावर राहीन?"

"पण काका, डिस्चार्ज बुकात इंट. लिहिलंय," दुर्गेश्वरी म्हणाली.

"इंट? मंग ईंट-भट्टीवर असन!" केशोराव आपल्याच विनोदावर टाळी द्यायला हात शोधू लागले. तो कोणी दिला नाही तेव्हा गंभीर झाले. "हे पाहा सर. उद्या पाहुनी कोन हाये? मेजर नूतन टेंभरे. आमगावकडची पोरगी, खरी मेजर. तिच्यासमोर असा खोटा चार्ट लावला आन् तिनं इचारलं, हे काय हाये गा, तं गावाची इज्जत जाईन. खाली 'धान्य कोठार' लिहा, नाई तं काढा."

कैलाश सरांचा चेहरा पडला. ते भले माणूस, पण अध्यक्षांपुढे त्यांचा आवाज खडूसारखा झिजायचा. केशोराव गेल्यावर त्यांनी दुर्गेश्वरीला जवळ बोलावलं.

"दुर्गेश्वरी, मथळ्याखाली इतिहास नाही. नुसतं चित्र इतिहास म्हणून कसं लावू? आबाजींकडून चार ओळी आण. तुकडीने काय केलं, चिन्हात लोंबी का. उद्या सकाळपर्यंत आणल्यास तर चार्ट लागेल. नाही तर..."

सरांनी खडू फळ्याखाली ठेवला.

घरी आली तेव्हा आबाजी अंगणात तुरीच्या काड्यांची शेकोटी पेटवत होते. आजीमाय, म्हणजे शामकलाबाई, सुपात तांदूळ निवडत होती. दुर्गेश्वरीने दप्तर भिरकावलं आणि आबाजींच्या समोर मांडी घालूनच बसली.

"आबाजी, चार ओळी. फक्त चार. तुमच्या तुकडीचं काम काय होतं?"

"इचारू नको म्हनलो होतो ना?"

"केशोकाका म्हणतात तुम्ही कोठीवर होता."

"म्हनू दे."

"म्हणू दे काय? उद्या चार्ट काढतील! सगळ्या शाळेसमोर आपण खोटे ठरू!"

आबाजी फुंकर मारत राहिले. धूर त्यांच्या डोळ्यांत गेला तरी हलले नाहीत. आजीमायच्या सुपाचा आवाज थांबला.

"पोट्टी डोकं फोडून राहिली तुमच्यासमोर," ती म्हणाली. "मलेबी कदी सांगतलं नाई. माहे भाऊ इचारत, जावई फौजेत काय करते? मी सांगो, कोठीवर हायेत. काय करू? लोकाले काही तं सांगा लागते."

आता आबाजींनी मान वर केली. मग हळूच म्हणाले, "मले बोलाचा आदेश नाई."

"कोणाचा आदेश?" दुर्गेश्वरीने विचारलं.

"कॅप्टन सायेबाचा. लढाई सरली, एकाहत्तरची. आमाले वेगवेगळ्या पलटनीत धाडलं. निघाच्या दिवशी सायेबानं सगळ्याइले उभं केलं आन् म्हनलं, इथं जे केलं ते कोनाले सांगाचं नाई, आई-बापाले नाई, बायकोले नाई. वरून आदेश येईन तवाच तोंड उघडाचं."

"मग?"

"मंग काय. आदेश आला नाई."

दुर्गेश्वरीने बोटांवर हिशेब केला. त्रेपन्न वर्षं! त्रेपन्न वर्षं हा माणूस आदेशाची वाट बघत होता. रोवणीच्या चिखलात उभा राहून, धान विकताना, मुलांची लग्नं लावताना, वाट बघत होता.

"आबाजी, तुमची ती तुकडी आहे का अजून?"

"नाई. मोडली तवाच."

"कॅप्टन साहेब?"

"गेले. पेपरात फोटो आलता."

"मग आदेश पाठवणार कोण?"

"ते पाहाचं काम माहं नाई," आबाजी म्हणाले. "माहं काम थांबाचं."

आजीमायने सूप एवढ्या जोरात आपटलं की चार कोंबड्या पळाल्या.

दुर्गेश्वरी उठून मागच्या दारी गेली. रडू येत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे एक विचार येत होता, जो तिला मुळीच यायला नको होता. आदेश-बिदेश काही नसेल तर? आबाजी खरंच कोठीवर असतील, आणि सांगायला लाज वाटत असेल तर? बिल्ल्यावर लोंबी का, हे तिलाही कुठे कळत होतं! ती स्वतःवरच इतकी चिडली की रात्री आबाजींना पाण्याचा तांब्या देताना त्यांच्याकडे बघूही शकली नाही.

सकाळी शाळेत रांगोळ्या, पताका, माईकची टेस्टिंग, सगळं जोरात चाललं होतं. दुर्गेश्वरी रिकाम्या हाताने प्रदर्शनाच्या व्हरांड्यात आली. कैलाश सरांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि काहीही न विचारता बिल्ल्याचा चार्ट उलटा करून भिंतीला लावला. आता भिंतीवर दोन पांढरे कागद दिसत होते, आणि मागून रंग थोडासा फुटल्यामुळे एक अंधुक गोल.

त्याच्याशेजारी तिचाच दुसरा चार्ट तेवढा सरळ राहिला. तो साधा होता, फौजेतल्या हुद्द्यांचा. शिपायापासून वर चढत जाणारी शिडी आणि प्रत्येक पायरीवर चंदेरी कागदाची चिन्हं.

"तुह्या मेजरचा सिंह मांजरीसारका आला," टीना तिला हसवायला म्हणाली. दुर्गेश्वरी हसली नाही. टीनाने मग तिचा हात धरला.

झेंडा फडकला. राष्ट्रगीत झालं. मेजर नूतन टेंभरे बारीक अंगाच्या, उन्हाने रापलेल्या, आणि त्यांचे बूट इतके चमकत होते की पहिलीतली पोरं त्यांत आपलं तोंड बघायला वाकत होती. मैदानात सतरंज्यांवर अर्धं गाव बसलं होतं. बायकांच्या घोळक्यात अगदी मागे आजीमाय, पुरुषांत मधे कुठेतरी पांढरी टोपी घातलेले आबाजी. प्रदर्शनाचे चार्ट व्हरांड्यात मांडले होते. मॅडम एकेक बघत, पोरांना विचारत पुढे येत होत्या. मागे केशोराव, त्यांच्या मागे सर.

हुद्द्यांच्या चार्टपाशी मॅडम थांबल्या आणि मोठ्याने हसल्या. "हे माझं आहे ना?" त्यांनी आपल्या खांद्यावरच्या सिंहावर बोट ठेवलं. "सांग बरं, कोण कोणाच्या वर?"

दुर्गेश्वरीला हे पाठ होतं. झोपेतही आलं असतं. "अधिकाऱ्यांत सगळ्यात खाली लेफ्टनंट, दोन तारे. मग कॅप्टन, तीन तारे. कॅप्टनच्या वर मेजर..."

आणि ती मधेच थांबली.

कॅप्टनच्या वर मेजर! हे तिनेच लिहिलं होतं, तिनेच कापून चिकटवलं होतं, मांजरीसारख्या सिंहासकट. पंधरा दिवस ते डोळ्यांसमोर होतं आणि डोक्यात आलं नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली, आणि आवाज तालुक्याच्या स्पर्धेत निघाला होता तसा खणखणीत निघाला, "कॅप्टनने दिलेला आदेश मेजरला रद्द करता येतो का?"

"कुठला आदेश?"

"लहान पोट्टी हाये मॅडम, चला तुमी, तिकडं बुंदी..." केशोराव मधे पडले.

"नाही, थांबा. बोल तू."

दुर्गेश्वरी बोलली. बिल्ला, डिस्चार्ज बुक, त्रेपन्न वर्षं, सगळं एका श्वासात. उलटा लावलेला चार्ट तिने स्वतःच सरळ केला. तिने खिशातून काढलेला प्लॅस्टिकच्या पिशवीतला खरा बिल्ला मॅडमनी हातात घेतला आणि उन्हात धरला.

"असं चिन्ह मी आजवर कुठे पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"पाहा!" केशोराव सरांकडे वळले. "मी काय म्हनलो होतो?"

व्हरांड्याच्या खांबाला हात लावून दुर्गेश्वरी उभी राहिली.

मॅडमनी बिल्ला उलटा केला. मागचे टाके बोटाने चाचपले. "सरकारी कारखान्यातलं काम नाही हे. बाजारातल्या शिंप्याने हाताने शिवलंय. लढाईत लहान तुकड्या आपल्यापुरतं असं चिन्ह करून घेत. ते पुस्तकात सापडेलच असं नाही." मग केशोरावांकडे बघून, अगदी शांतपणे, "मी पाहिलं नाही म्हणाले. खोटं आहे, असं म्हणाले नाही. आजोबा कुठे आहेत?"

आबाजी सतरंजीवरून उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. पण मॅडमसमोर येताच त्यांची पाठ अशी सरळ झाली की दुर्गेश्वरीला वाटलं, हे आपले आबाजी नव्हेतच. त्यांनी नाव सांगितलं, नंबर सांगितला, हुद्दा सांगितला.

"तुकडीचं काम?" मॅडमनी विचारलं.

"सांगता नाई येत सायेब. आदेश हाये."

"मला माझ्या मनाने हा आदेश मोडता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण विचारता येईल. इथे नेटवर्क कुठे येतं?"

"पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर!" दहा पोरं एकदम ओरडली.

दुर्गेश्वरी पुढे पळाली. मॅडम चमकत्या बुटांनिशी कट्ट्यावर चढल्या, फोन कानाला लावला आणि गावाकडे पाठ केली. अर्धं गाव टाकीकडे तोंड करून बसलं. बुंदीची परात तशीच झाकलेली. दुर्गेश्वरी मोजत होती, एक मिनिट, दोन, पाच. फोन कटला, पुन्हा लागला. मॅडमनी एकदा मान हलवली, ती हो होती की नाही कळेना. आठ मिनिटं, दहा. आबाजी अजून सावधानमध्येच उभे होते. त्यांना कोणी विश्राम म्हटलंच नव्हतं.

बाराव्या मिनिटाला मॅडम खाली उतरल्या. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"नायक बिसराम पटले!"

"जी सायेब!"

"तुमची तुकडी केव्हाच विसर्जित झाली. माणसांची नावं, जागेचं नाव आणि कागदांचे नंबर सोडून, तुम्ही स्वतः जे पाहिलं, केलं, ते सांगायला हरकत नाही, असं मला वरून सांगितलं आहे. हा आदेश समजा."

"लेखी भेटन का सायेब?"

सगळं मैदान हसलं, पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कार्यक्रमपत्रिकेची पाठ घेतली, तेच वाक्य लिहिलं, सही केली, तारीख घातली. आबाजींनी ते दोनदा वाचलं, चार घड्या घातल्या आणि बंडीच्या खिशात ठेवलं. मग त्यांनी माईककडे बघितलं आणि म्हणाले, "ते नको. मी असाच सांगतो."

"आमची तुकडी लहान होती. पंदरा-सोळा मानसं. इमानातून खालच्या मुलखाचे फोटो काढत. ते फोटो आमच्याकडं येत. सायेब लोक भिंगातून पाहात, कुठं तोफ हाये, कुठं पूल हाये. मी काही पाहात नव्हतो. मी फोटो धूत होतो आन् दोरीवर वाळवत होतो. बस, एवढंच."

केशोरावांनी चष्मा वर सरकवला.

"एक दिवस फोटो वाळू घालून राहिलो होतो. खाली सगळी धानाचीच जमीन, आपल्यासारकी. कापनी सुरू होती. धानाच्या चौकोनी बांध्या दिसत, त्याहीच्या मधले मातीचे धुरे दिसत. पाहाले मले बरं वाटे. घरची याद येत होती ना. तं एका फोटोत तीन पुंजने दिसले."

मेजर मॅडमनी भुवया उंचावल्या. "पुंजणे म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग ना? आमच्या घरीही असतात."

"हो सायेब. तं ते पुंजने कुठं होते? सगळ्यात खालच्या बांधीत. नाल्याले लागून. धुऱ्याच्या कडंनं पानी चमकून राहिलं होतं."

"खालच्या बांधीत?" केशोराव खुर्चीवरून अर्धे उठलेच. "ओलीत? धान सडवाचं हाये का त्याले? असा पुंजना कोन लावते बे?"

"तेच!" आबाजींनी त्यांच्याकडे बोट केलं. "हेच मी कॅप्टन सायेबाले म्हनलो, केशो! अशेच शबद!"

मैदानात हशा उसळला. पण तो वेगळाच हशा होता. सतरंजीवर बसलेला जो तो शेजाऱ्याला सांगू लागला, नाल्याच्या बांधीत पुंजणा, बापरे, असं तर येडाही लावणार नाही, पुंजणा लावायचा उंचावर, खळ्याजवळ. दोनशे शेतकऱ्यांना जे क्षणात कळलं ते भिंगातून बघणाऱ्यांच्या लक्षात आलं नव्हतं. दुर्गेश्वरीच्या अंगावर सरसरून काटा आला. लोंबी! म्हणून लोंबी!

"आणखी काय पाहिलंत?" मॅडमनी विचारलं. आता त्या पाहुण्यासारख्या विचारत नव्हत्या. त्या पुढे झुकल्या होत्या.

"बंडीची चाकोरी नव्हती सायेब. पुंजन्यापरेंत धान आनाले बैलबंडी नाई तं मानसाची पाऊलवाट तरी पडते. तिथं काहीच नव्हतं. आन् तिन्हीच्या सावल्या एकसारक्या. मानसानं रचलेला पुंजना एक वाकडा राह्यते, एक बुटका राह्यते. हे मोजून केल्यासारके."

मॅडमनी सावकाश मान हलवली. "बरोबर," त्या म्हणाल्या, कोणाला उद्देशून नाही, स्वतःशीच.

"सायेब पहिले हासले. मंग त्याहीनं भिंग लावलं. मंग हासनं बंद झालं. दुसऱ्या दिवशी पुन्ना इमान धाडलं. पेंढ्याच्या खाली तोफा होत्या. तीन. रस्त्याकडं तोंड करून. त्याच रस्त्यानं आपली पलटन जानार होती."

कुठेतरी एक तान्हं रडलं आणि त्याच्या आईने त्याला पटकन पदराखाली घेतलं.

"मंग?" हा आवाज मागून आला, बायकांतून. आजीमाय उभी राहिली होती. "ते तोफवाले? मेले?"

आबाजींनी तिच्याकडे बघितलं. एवढ्या लोकांतून थेट तिच्याकडे.

"नाई," ते म्हणाले. "पलटन दुसऱ्या अंगानं गेली. रातभर चालून, त्याहीच्या पाठीमागून. सकाळी ते पोट्टे हात वर करून बाहेर आले. एकबी गोळी नाई सुटली. आपला कोनी नाई मेला, त्याहीचा कोनी नाई मेला. मले सायेबानं येऊन सांगतलं. मी तवा फोटोच वाळवत होतो." ते थांबले. "लढाई सरल्यावर सायेबानं बाजारातून बिल्ले शिवून आनले. डोळा पहिलेच ठरला होता. लोंबी मंग टाकली. म्हनले, बिसराम, ही तुही."

मेजर नूतन टेंभऱ्यांनी टाचा जुळवून सॅल्यूट केला. आबाजींचा हातही वर गेला, बरोबर जागी. आणि मग कैलाश सर, ज्यांचा आवाज अध्यक्षांपुढे कधीच चढत नसे, माईकवर जवळजवळ ओरडले, "विश्राम!"

दुर्गेश्वरीला हसू आणि रडू एकदमच फुटलं. कालपासून छातीवर बसलेला धोंडा गेला होता. काल मागच्या दारी आलेला तो विचार तिने कोणाला सांगितला नव्हता आणि आता सांगायची गरजही नव्हती. तिने पेन काढला आणि चार्टसमोर गुडघे टेकून बसली. अकरा रेघा पुरल्या नाहीत. ती समासात लिहू लागली, मग लोंबीभोवती गोल गोल. लोक खांद्यावरून वाकून वाचत होते. "अवो, पानी चमकत होतं तेबी लिही," असं केशोरावच सांगत होते. "आन् लिही की अध्यक्षाच्या तेव्हाच ध्यानात आलं, पुंजना चुकीचा हाये म्हनून."

"लिहिते काका," दुर्गेश्वरी म्हणाली, आणि लिहिलंही. आता तिला कोणाचाच राग येत नव्हता.

बुंदी वाटून झाली, मॅडमची गाडी धूळ उडवत गेली, आणि आबाजी मात्र थांबायला तयार नव्हते. शाळेच्या फाटकापासून घरापर्यंतच्या रस्त्यात त्यांनी अंधाऱ्या खोलीतल्या लाल दिव्याबद्दल सांगितलं, औषधाच्या वासाबद्दल सांगितलं, पावसात फोटो वाळत नसत म्हणून स्वयंपाक्याच्या चुलीवर कसे वाळवले आणि एका फोटोवर पोळीचा डाग कसा पडला, साहेबांना वाटलं तळंच आहे, तेही सांगितलं. पानठेल्यावर थांबून सांगितलं. हातपंपावर पाणी भरणाऱ्या बाईला, जिने काही विचारलंच नव्हतं, तिलाही सांगितलं. आजीमाय चार पावलं पुढे, तरातरा. दोघांच्या मधे दुर्गेश्वरी.

"आजीमाय रागावली," ती आबाजींना हळूच म्हणाली.

"काऊन?"

"काऊन म्हणजे? गावासोबत तिला कळलं. सगळ्यांच्या मागे बसून."

आबाजींचं बोलणं तिथेच थांबलं. आजीमायने कुलूप काढलं, आत गेली, भांड्यांचा दणदणाट झाला. आबाजी ओसरीवर बसून टोपी हातात फिरवत राहिले.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. हातात चहाचे दोन कप होते. एक त्यांच्यासमोर ठेवला, दुसरा स्वतः घेऊन समोर भिंतीला टेकून बसली.

"मागं काही ऐकू नाई आलं," ती म्हणाली. "पोट्टे कल्ला करून राहिले होते. पुंजन्यापासूनच ऐकलं मी. पहिल्यापासून सांगा."

"पहिल्यापासून म्हंजे कुठून?"

"घरून निघाले तुमी, तिथून."

आबाजींनी खिशातला चार घड्यांचा कागद काढला, उलगडला, नजर फिरवली आणि परत ठेवला. मग चहाचा एक घोट घेतला.

"गोंदियाच्या टेसनावर थंडी होती," त्यांनी सुरुवात केली. दुर्गेश्वरी उंबऱ्यावर बसून ऐकू लागली.